उतारा सोडवणं आणि उतारा वाचणं



इंग्रजीच्या अध्यापकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार मानते. अध्यक्षीय भाषणात सगळ्या प्रश्नांना हात घालण्याचा प्रघात आहे. वेतनश्रेणीपासून अशैक्षणिक कामांपर्यंत बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि पुढच्या सत्रांत त्यावर जाणकार बोलणारही आहेत. मी मात्र आज एकच विषय घेणार आहे : आठवी ते दहावीच्या मुलांकडून आपण वर्षानुवर्षं करून घेतो तो इंग्रजी उताऱ्यांचा सराव. या सरावातून मुलं उतारे सोडवायला शिकतात, पण वाचायला शिकत नाहीत, असं माझं ठाम मत झालं आहे. ते का झालं आणि त्यावर आपल्या हातात काय आहे, एवढंच सांगते.

मी तुम्हाला एक मराठी उतारा वाचून दाखवते. कृपया लक्ष देऊन ऐका. ‘सांजवेळी तीन झुरपे लोणगीच्या काठावर भिसटत होते. त्यांच्यातल्या थोरल्या झुरप्याने अचानक एक डुमकं वेंगलं, कारण त्याला खुमटी लागली होती.’ आता प्रश्न. झुरपे कुठे भिसटत होते? लोणगीच्या काठावर. किती झुरपे होते? तीन. थोरल्या झुरप्याने काय वेंगलं? डुमकं. का वेंगलं? त्याला खुमटी लागली होती म्हणून. सभागृहातल्या प्रत्येकाला पैकीच्या पैकी गुण. झुरपा म्हणजे काय, तो प्राणी की माणूस, हे मात्र इथे कुणालाही ठाऊक नाही, कारण हे शब्द मी काल रात्री बसून तयार केले आहेत.

आपल्या वर्गात रोज हेच घडतं. मुलगा प्रश्नातला एक शब्द धरतो, तोच शब्द उताऱ्यात शोधतो आणि तो सापडला की पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंतचं वाक्य उतरवून काढतो. प्रश्न ‘व्हाय’ने सुरू झाला असेल तर नजर ‘बिकॉज’ शोधत फिरते. उताऱ्यात ‘बिकॉज’ नसेल तर तो प्रश्न ‘अवघड’ ठरतो. ‘आधी प्रश्न वाचा, मग उतारा वाचा, उत्तराखाली पेन्सिलीने रेघ मारा,’ ही सूचना पूर्वपरीक्षेच्या सुमारास कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यातून जाताना ऐकू येते. पेपर सोडवण्याची युक्ती म्हणून ती वाईट नाही. मुलांचा वेळ वाचतो. पण आठवीच्या जूनपासून दहावीच्या फेब्रुवारीपर्यंत हीच युक्ती म्हणजे वाचनाचा अभ्यासक्रम होऊन बसते, तेव्हा मुलाच्या हाती काय राहतं, याचा विचार आपण करायला हवा.

हे असं का झालं, ते उघड आहे. तृतीय भाषा इंग्रजीच्या सध्याच्या कृतिपत्रिकेत 80 पैकी 35 गुण गद्य उताऱ्यांवर आहेत. 20 पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांवर, 15 अपठितावर, आणि त्या पंधरातले 5 सारांशाला. इतके गुण जिथे आहेत तिथे सराव होणारच. कृतिपत्रिकेची रचनाही मुळात चांगली आहे. पहिली कृती साध्या माहितीची, दुसरी थोड्या गुंतागुंतीच्या माहितीची, तिसरी शब्दसंपत्तीची, चौथी व्याकरणाची आणि पाचवी मुलाच्या स्वतःच्या मताची. ही उतरंड ज्यांनी आखली त्यांच्या मनात वाचनाची स्पष्ट कल्पना होती. पाचवी कृती तर खास त्यासाठीच आहे की मुलानं वाचलेल्याशी स्वतःला जोडून पाहावं. पण गाईडं आली, अपेक्षित प्रश्नसंच आले आणि ‘पर्सनल रिस्पॉन्स’चेही तयार नमुने पाठ होऊ लागले. ‘येस, आय लाइक नेचर व्हेरी मच’ हे वाक्य झाडांवरच्या, नदीवरच्या, पक्ष्यांवरच्या अशा प्रत्येक उताऱ्याखाली सारखंच उमटलेलं पेपर तपासणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे!

मित्रहो, महाराष्ट्रात 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज दहावीला बसणारं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकून बसतं. आणि स्थिती काय आहे? 2023 च्या ‘असर’ अहवालासाठी 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. त्यांतल्या 57.3 टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. वाचता आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना त्या वाक्यांचा अर्थ सांगता आला. हिशेब मांडला तर शंभरांतल्या बेचाळिसांच्या आसपास मुलांनाच साधं इंग्रजी वाक्य वाचून कळतं. ही आकडेवारी देशाची आहे, एकट्या महाराष्ट्राची नाही. पण आपल्या वर्गात उभं राहिलं की ती परकी वाटत नाही. याच पाहणीत सुमारे 25 टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सहज वाचता आला नव्हता. तो आकडा लक्षात ठेवा. मी त्याकडे परत येणार आहे.

शंभर वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात प्राचार्य होते. बंगालमधली मुलं इंग्रजी कशी शिकतात, यावर त्यांनी 1926 साली एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न फार साधा होता. शाळेत येणारी बहुतेक मुलं शिक्षण अर्धवट सोडतात. मग ज्या दिवशी मूल शाळा सोडेल, त्या दिवशी त्याच्या पदरात इंग्रजीचं म्हणून काय पडलेलं असेल? यासाठी त्यांनी विम्यातला शब्द वापरला : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच बंद केली तरी हाती येणारी रक्कम. चार वर्षं संभाषणाचे धडे गिरवून शाळा सोडलेल्या मुलाला बोलायला कुणी भेटणार नाही आणि तो ते विसरून जाईल. पण त्याला वाचता येत असेल तर ते आयुष्यभर त्याच्या कामी येईल, असं वेस्ट यांचं म्हणणं. पुढे वाचनासाठी निवडक शब्दांची पाठ्यपुस्तकं त्यांनी तयार केली आणि 1953 साली निघालेली सुमारे 2,000 शब्दांची त्यांची यादी जगभर वापरली गेली.

वेस्ट यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही. आजच्या मुलाला बोलायलाही यायला हवं. फोनवर, मुलाखतीत, दुकानात त्याची गरज आहे. पण त्यांचा प्रश्न मला अजून सोडत नाही. दहावीनंतर ज्या मुलीचं शिक्षण थांबतं, तिचं लग्न होतं, ती शेतावर किंवा कारखान्यात जाते, तिच्या हातात दहा वर्षांच्या इंग्रजीचं काय उरतं? औषधाच्या पट्टीमागचा बारीक मजकूर तिला वाचता येतो का? कीटकनाशकाच्या डब्यावरचा इशारा? बचत गटाच्या कर्जाच्या कागदावरची अट? उत्तर शोधून उतरवण्याचं कसब तिथे काहीच कामाचं नाही, कारण औषधाच्या पट्टीखाली प्रश्न छापलेले नसतात.

आता मुलं नेमकी अडतात कुठे, ते पाहू. आपण म्हणतो शब्द कमी पडतात. ते खरं आहे, पण अर्धंच. एक वाक्य घ्या : ‘द मॅन हू सोल्ड द बुलॉक टू द टीचर वॉज अँग्री.’ यातले सगळे शब्द सातवीतल्या मुलालाही येतात. रागावलं कोण होतं, असं विचारा. वर्गातली कितीतरी मुलं सांगतील, ‘टीचर.’ कारण ‘वॉज अँग्री’च्या शेजारी टीचर उभा आहे. आपली मराठी हेच म्हणताना ‘ज्याने गुरुजींना बैल विकला, तो माणूस रागावला होता,’ असं म्हणते. ‘तो’ आला की कान सावध होतो, आणि क्रियापद वाक्याच्या टोकाला येऊन गाठ बांधतं. इंग्रजीत ती गाठ दिसत नाही. माणूस आणि त्याचा राग यांच्यामध्ये बैल आणि गुरुजी येऊन उभे राहतात. कर्मणी प्रयोगाचंही तसंच. ‘रमेश वॉज टोल्ड बाय सुरेश’ हे वाचून रमेशनं सुरेशला सांगितलं असा अर्थ घेणारी मुलं दहावीच्या वर्गातही आहेत. व्याकरणाच्या तासाला हीच मुलं कर्तरीचं कर्मणी बिनचूक करतात. नियम येतो, पण वाचताना तो उपयोगी पडत नाही, कारण सूत्र लावण्याची जागा आणि वाचण्याची जागा आपण वेगळी ठेवली आहे.

सेमी-इंग्रजीच्या वर्गात याचा फटका आणखी जोरात बसतो. गणितातलं नेहमीचं उदाहरण आहे. एक गाडी 360 किलोमीटर अंतर एकसारख्या वेगानं जाते, वेग ताशी 5 किलोमीटरनं जास्त असता तर एक तास कमी लागला असता, तर वेग किती? वर्गसमीकरण मांडलं की उत्तर 40 येतं. समीकरण सोडवणारी मुलं भरपूर आहेत. अडतं ते ‘इफ द स्पीड हॅड बीन’ या चार-पाच शब्दांपाशी. ‘हॅड’ दिसला की मूल समजतं की वेग खरोखरच जास्त होता. घडलेलं आणि न घडलेलं यांतला फरकच हरवतो, आणि गणिताचे शिक्षक म्हणतात की पोराचं गणित कच्चं आहे. त्याचं गणित पक्कं आहे. त्याला वाक्य वाचता आलेलं नाही, आणि ती जबाबदारी इंग्रजीच्या शिक्षकाची आहे. गणिताचं आणि विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीच्या तासाला उघडण्यात कसलाही कमीपणा नाही. उलट सेमीच्या मुलांसाठी त्याहून जवळचा अपठित उतारा दुसरा नसेल.

शब्दांचं म्हणाल तर पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून एक अंदाज पुढे आला आहे. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा, तर त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच नवा. आपल्या दहावीच्या अपठितात शंभर शब्दांमागे पंधरा-वीस शब्दांपाशी अडखळणारी मुलं काही थोडी नाहीत. अशा मुलाला आपण आणखी एक तसाच उतारा देतो, मग आणखी एक, आणि त्याला सराव म्हणतो. त्या मुलाला त्यातून एवढंच शिकायला मिळतं की इंग्रजी आपल्याला कळत नाही.

शब्द आणि वाक्यरचना यांच्या पलीकडे तिसरी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आपलं सगळ्यांत कमी लक्ष आहे. ती म्हणजे मजकुराच्या विषयाची ओळख. मी शिक्षकांच्या वर्गांसाठी एक छोटा उतारा तयार केला होता. एक शेतकरी पहाटे टेम्पो भरून कांदा घेऊन लासलगावच्या बाजार समितीत येतो. लिलाव सुरू होतो. भाव ऐकून तो क्षणभर गप्प उभा राहतो, मग ड्रायव्हरशी हलक्या आवाजात बोलतो, आणि टेम्पो भरलेलाच गावाकडे वळतो. इंग्रजी अगदी सोपं, सहावीच्या पातळीचं. प्रश्न एकच : तो परत का गेला? उताऱ्यात ‘बिकॉज’ कुठेही नाही. किनारपट्टीवरच्या एका शाळेत चांगली वाचणारी मुलंही चाचपडत राहिली. कुणी म्हणालं त्याला बरं वाटत नव्हतं, कुणी म्हणालं ड्रायव्हरला घाई होती. निफाड तालुक्यातल्या शाळेत मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचं नाव वाचनात कच्च्या मुलांच्या यादीत होतं, तो मराठीतच म्हणाला, ‘मॅडम, भाडंसुद्धा सुटलं नसेल.’ मी विचारलं, ‘हे कुठे लिहिलंय?’ तो म्हणाला, ‘लिहिलं नाहीये, पण टेम्पो भरलेलाच आहे ना.’

हे वाचन आहे. मजकुरातल्या दोन गोष्टी उचलून, स्वतःला ठाऊक असलेली तिसरी गोष्ट तिथे ठेवून, न लिहिलेलं ओळखणं. अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 साली सातवी-आठवीच्या मुलांवर केलेला प्रयोग याच स्वरूपाचा होता. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन मुलांना वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं ही वाचनात पक्की, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपण निफाडच्या त्या मुलाला कच्चा म्हणतो तेव्हा आपण त्याला कुठल्या विषयावरचे उतारे देत आलो, हेही तपासायला हवं. नंदुरबारच्या, मेळघाटच्या मुलांच्या बाबतीत तर जास्तच. त्यांच्या घरी भिली आहे, पावरी आहे, कोरकू आहे, मराठी ही त्यांची दुसरी भाषा आहे आणि आपण त्यांना हिमवादळातल्या सहलीचा उतारा सोडवायला देतो. परका विषय देऊच नये असं मी म्हणत नाही. जग दाखवायचं तर तो द्यायलाच हवा. पण मग आधी पाच-दहा मिनिटं त्या जगाबद्दल बोलावं, नकाशा दाखवावा, मुलांना काय ठाऊक आहे ते विचारावं. आणि हे बोलणं मराठीत झालं तर बिघडत नाही. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढायचा नाही, हा दंडक जिथे असेल तिथे निदान वाचनापुरता सैल करा, अशी माझी विनंती आहे. निफाडचा तो मुलगा इंग्रजीत बोलायची वाट पाहत बसला असता, तर त्याला उतारा कळला होता हे मला कधीच समजलं नसतं.

इथे मघाच्या आकड्याकडे वळते. ज्या मुलाला स्वतःच्या भाषेतला दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, त्याच्यापुढे इंग्रजी अपठित ठेवून काही साधणार नाही. मराठीचे शिक्षक आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच शिक्षक-खोलीत बसतात, पण एकाच मुलाच्या वाचनाबद्दल एकमेकांशी किती बोलतात? अनुमान काढणं, परिच्छेदाचा मुद्दा पकडणं, ‘तो’ आणि ‘ते’ कुणासाठी आले हे ओळखणं, या गोष्टी मूल एका भाषेत शिकलं की दुसरीत पुन्हा मुळापासून शिकावं लागत नाही. हे काम दोघांनी मिळून करायचं आहे.

मग करायचं काय? माझा भर एका गोष्टीवर आहे : मुलांना भरपूर आणि सोपं वाचायला द्या. फिजीमध्ये वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी 1980 च्या सुमारास एक प्रयोग केला. ग्रामीण प्राथमिक शाळा, इंग्रजी ही दुसरी भाषा, घरी पुस्तक नाही. म्हणजे आपल्या ओळखीचंच चित्र. काही शाळांतल्या वर्गांना सोप्या, चित्रांच्या, गोष्टींच्या सुमारे अडीचशे इंग्रजी पुस्तकांचा संच दिला आणि रोज तासातला थोडा वेळ वाचनाला ठेवला. बाकीच्या शाळांत नेहमीचं पाठ्यपुस्तक आणि नेहमीचा सराव चालू राहिला. पुस्तकं मिळालेल्या मुलांची वाचन-आकलनातली प्रगती जवळजवळ दुप्पट वेगानं झाली. दुसऱ्या वर्षी तो परिणाम लेखनात आणि व्याकरणातही दिसला.

तुम्ही विचाराल, पुस्तकं आणायची कुठून. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर 2015 पासून आहे. तिथे इंग्रजी आणि मराठी गोष्टी चार पातळ्यांवर मोफत मिळतात, उतरवून घेता येतात, छापता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आहे. आणि नववीच्या मुलाला पाचवीचं बालभारतीचं इंग्रजी पुस्तक वाचायला देण्यात संकोच वाटण्याचं कारण नाही, फक्त ते सगळ्यांसमोर, त्याचा पाणउतारा होईल अशा रीतीनं देऊ नका. गोष्ट वाचून झाल्यावर प्रश्नपत्रिका नको. ‘तुला यातला कोण आवडला नाही, आणि का?’ एवढं विचारा. उत्तर मराठीत आलं तरी ऐका.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, तास कुठून काढायचा, ही अडचण खरी आहे. मी तिला कमी लेखत नाही. पण दहावीच्या वर्षात आपण किती जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतो, ते प्रत्येकानं आपल्या टाचणवहीत पाहावं. त्यांतल्या निम्म्या बाजूला ठेवल्या तर आठवड्याचा एक तास निघतो. परीक्षेच्या तोंडावर, जानेवारी-फेब्रुवारीत, युक्त्या जरूर शिकवा. तोपर्यंत मुलं वाचत असतील तर त्या युक्त्यांना आधार असेल.

म्हणून या अधिवेशनाच्या खुल्या सत्रात मी दोन ठराव मांडावेत, असं ठरवलं आहे. पहिला आपल्या स्वतःसाठी : आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात इंग्रजीचा आठवड्यातला एक तास, वेळापत्रकात तसं लिहून, फक्त वाचनासाठी ठेवावा. त्या तासाला गुण नाहीत आणि गृहपाठ नाही. दुसरा राज्य मंडळाला विनंती करणारा : अपठित उताऱ्यावरच्या आकलनाच्या कृतींपैकी किमान एक कृती अशी असावी की तिचं उत्तर उताऱ्यातलं कुठलंही वाक्य जसंच्या तसं उतरवून देता येणार नाही. अशी कृती तयार करणं कठीण आहे, तपासणं त्याहून कठीण आहे, हे मला माहीत आहे. म्हणून तिचे नमुने आणि गुणदानाचे निकष तयार करायला आपल्यातल्या अनुभवी परीक्षकांनी पुढे यावं. नावं आजच संध्याकाळपर्यंत कार्यवाहांकडे द्यावीत.

हे दोन्ही ठराव आपण एकमतानं मंजूर करावेत, अशी कळकळीची विनंती करते आणि थांबते.